भटकी मांजर आणि आमचा शिह त्झू यांची मारामारी झाली, आता काय काय बघायचं? (नेरुळ)

पावसाळी_नेरुळ

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचा कोको, शिह त्झू, चार वर्षांचा. जेवणानंतर माझे सासरे, म्हणजे बाबा, त्याला खाली घेऊन गेले होते. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मीटर रूमजवळ एक पांढरी-काळी मांजर असते. एरवी ती कुणाच्या वाटेला जात नाही. आज कोको तिकडे हुंगत गेला आणि ती सरळ त्याच्या तोंडावर आली. कोकोनेही तिला धरलं. बाबांनी त्याला ओढून वर उचललं तोवर दोघंही पुरते भिडले होते. मांजर गाड्यांखाली पळाली. कोकोच्या दातांत तिचे केस अडकले होते, म्हणजे तिलाही लागलं असणार.

कोकोच्या नाकावर ओरखडे आहेत, थोडं रक्त येऊन थांबलंय. डावा डोळा तो अर्धवट मिटून बसलाय आणि त्यातून पाणी येतंय. कानामागे केस ओले लागतात, पण तिथे हात लावू देत नाही. रेबीजची लस फेब्रुवारीत झाली आहे, कार्ड आहे.

आता दहा वाजून गेलेत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झालाय. सकाळी नेलं तर चालेल का? तोवर काय लावू? घरी मागच्या वेळचे डोळ्यांचे थेंब आहेत.

घोडबंदरचा_मित्र

ताई, सकाळची वाट बघू नका. नाकावरचे ओरखडे सकाळपर्यंत थांबतील, डोळा थांबणार नाही. शिह त्झू, पग, ल्हासा यांचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यामुळे मांजरीचं नख आधी तिथेच लागतं. नखाने बुबुळावरचा पारदर्शक पडदा फाटला असेल तर काही तासांत जंतू आत जातात. डोळा मिटून धरणं आणि पाणी येणं ही दुखत असल्याची खूण आहे.

आणि ते जुने थेंब अजिबात घालू नका. डोळे लाल झाले की देतात त्या बऱ्याच थेंबांत स्टिरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना स्टिरॉइड गेलं तर ती भरायच्या ऐवजी खोल होते. सलाइनची बंद बाटली घरात असेल तर त्याने डोळा हलक्या धारेने धुवा, नाहीतर तसाच राहू द्या. पंजाने चोळू देऊ नका. जुन्या ऑपरेशनच्या वेळची गळ्यातली कॉलर (डोक्याभोवतीचा प्लास्टिकचा कोन) असेल तर आत्ताच घाला.

नवी मुंबईत रात्रभर चालू असणारे दवाखाने आहेत. आधी फोन करा, डॉक्टर प्रत्यक्ष हजर आहेत ना आणि डोळ्याची स्टेन टेस्ट (रंग लावून जखम बघतात ती) करतात ना, एवढं विचारा आणि निघा. काहीच नाही जमलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. रात्री वाशीचा पूल मोकळा असतो. पण फोन केल्याशिवाय तेवढ्या लांब निघू नका.

तलावपाळी

कोकोला नेताच आहात तर एक विचारते. त्याला उचलताना बाबांना काही लागलं का? अशा वेळी घरातले सगळे कुत्र्याकडे बघत राहतात आणि माणसाच्या हातावरचा ओरखडा दुसऱ्या दिवशी लक्षात येतो. मी सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, हे नेहमी बघते.

पावसाळी_नेरुळ

निघतोय, एका ठिकाणी फोन लागला, डॉक्टर आहेत.

तलावपाळी, बाबांना आत्ता विचारलं. मनगटावर दोन ओरखडे आहेत, त्यातल्या एकातून रक्त आलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. डेटॉलच्या कापसाने पुसलं म्हणतात. नख मांजरीचं की कोकोचं ते त्यांनाही माहीत नाही. त्यांना डायबेटिस आहे.

तलावपाळी

मग बाबांना घरी थांबवा आणि हात नळाखाली धरायला सांगा. वाहतं पाणी आणि साधा अंगाचा साबण, सलग पंधरा मिनिटं. घड्याळ लावूनच धुवायचं, कारण आपल्याला वाटणारी पंधरा मिनिटं प्रत्यक्षात तीन असतात. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, त्यामुळे या धुण्याला औषधाइतकीच किंमत आहे. वर बीटाडीन लावा. पट्टी बांधू नका. चुना, तिखट, कॉफी असलं काही घरातलं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

रक्त आलेला ओरखडा रेबीजच्या धोक्याच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर, श्रेणीत मोडतो. त्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतं. लस शरीराला स्वतःची ताकद तयार करायला शिकवते, त्याला काही दिवस जातात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात, म्हणजे मधल्या दिवसांत संरक्षण राहतं. ते पहिल्या डोसबरोबरच घ्यायचं असतं. काही कारणाने राहिलं तर सात दिवसांच्या आत घेता येतं, त्यानंतर नाही.

लस दंडाच्या स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८. सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मोफत मिळते. तुम्हाला वाशीचं पालिका हॉस्पिटल जवळ, ठाण्यातल्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज. बाबांनी आधी कधी पूर्ण कोर्स घेतला असेल आणि त्याचे कागद असतील तर फक्त ० आणि ३ पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. डायबेटिस आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. मनगटावर सूज, लाली, ठणका सुरू झाला तर त्याच दिवशी दाखवायचं. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. ते हातात गेले तर बारा ते चोवीस तासांत हात सुजतो.

कोपरीची_आजी

बाळांनो, काळजी घ्या. आमच्या वेळी कुत्र्याला लागलं की खोबरेल तेलात हळद कालवून लावायचो, दोन दिवसांत खपली धरायची. ही माझी आपली आठवण, डॉक्टर सांगतील ते करा. बाबांकडे लक्ष दे गं, डायबेटिसवाल्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत.

सोनचाफा

आजी, वरवर खरचटलं असेल तर हळदीने बिघडत नसेलही. मांजरीची जखम मात्र वेगळी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी खारघरला प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते.

मांजरीचा सुळा बारीक आणि लांब असतो. तो सुईसारखा आत जातो आणि बाहेर येतो. वर दिसतं ते टाचणीएवढं भोक, आणि तेही एक-दोन दिवसांत बंद होतं. जंतू मात्र आत खोलवर राहिलेले असतात. वर खपली धरली की घरच्यांना वाटतं बरं झालं. आत पू साठत असतो, आणि दोन ते पाच दिवसांनी तिथे गरम, मऊ गाठ वर येते. हळद, पावडर, मलम जे काही वर दाबून भराल त्याने हे भोक अजून लवकर बुजतं. त्यामुळे वर काहीही थापायचं नाही. जखम उघडी ठेवायची, धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची.

कोकोसारख्या केसाळ कुत्र्याच्या जखमा नुसत्या बघून सापडत नाहीत. बोटांच्या टोकांनी केसांच्या मुळापर्यंत चाचपत जायचं, नाकापासून शेपटीपर्यंत. मानेचा वरचा भाग, कानाचं मूळ, पुढचे पाय, काखा, पोट. कुठे ओलसर लागलं, केस चिकटलेले लागले किंवा तो अंग चोरतोय असं वाटलं, तर तिथे केस बाजूला करून टॉर्च मारा. एक भोक सापडलं की जवळच दुसरं शोधा, सुळे जोडीने लागतात. कानामागे केस ओले लागतात असं तुम्ही लिहिलंय, ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. ते तिथले केस काढतील.

धुवायला सलाइन किंवा उकळून गार केलेलं पाणी. बीटाडीन वापरायचं तर पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून, आणि डोळ्याजवळ नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येतो म्हणून लोकांना ते आवडतं, पण त्याने चांगली कातडीही जळते. डेटॉल प्राण्यांना नकोच. मांजरीला तर ते विषारी आहे.

माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होतो, किडनीवर जातं. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. हे धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, कारण 'अर्धीच दिली होती' म्हणत आमच्याकडे लोक रडत येतात.

रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी अनोळखी मांजरीशी झटापट झाली की डॉक्टर बूस्टर देतात. कार्ड सोबत न्या.

पावसाळी_नेरुळ

आत्ताच परत आलो. खूप धन्यवाद सगळ्यांना, घोडबंदरचा मित्र तुम्हाला विशेष.

डॉक्टरांनी डोळ्यात केशरी पट्टी टेकवून निळा दिवा मारला, तर बुबुळावर एक हिरवी चमकती रेघ दिसली. मलाही दाखवली. वरचा थर गेलेला असतो तिथेच तो रंग धरतो म्हणाले. जखम वरवरची आहे, आतल्या भिंगाला लागलेलं नाही. अँटिबायोटिक थेंब दिवसातून बऱ्याच वेळा, दुखणं कमी करायला वेगळे थेंब, गळ्यात कॉलर आणि थोड्या दिवसांनी परत स्टेन. जुने थेंब दाखवले, त्यांत स्टिरॉइड होतं.

कानामागचे केस काढल्यावर दोन भोकं सापडली. धुतली, अँटिबायोटिक सुरू केलं, रेबीजचा बूस्टर दिला. ताप नव्हता, १०२ होतं. कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५ असतं हे मला माहीत नव्हतं.

बाबांना सकाळी वाशीला नेतोय.

वाटाणा

कोको बरा होईल हे वाचून बरं वाटलं. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. आज कुत्रा आणि आजोबा, उद्या एखादं लहान मूल. सोसायटीला लेखी द्या आणि त्या मांजरीला उचलून लांब कुठेतरी सोडायला लावा. मी कुणाच्या वाईटावर नाही, पण माझ्या मुलीला अशाच एका मांजरीने बोचकारलंय आणि त्यानंतर महिनाभर ती खाली खेळायला जायची नाही. प्राणीप्रेम आपल्या जागी, घरच्यांची सुरक्षितता आधी.

बोका_नि_मनी

वाटाणा, मुलीचं वाचून वाईट वाटलं. तुमची काळजी खरी आहे. उपाय मात्र उलटा पडेल, आणि तो बाबांच्याच मुळावर येईल.

मांजरीला रेबीज असेल तर तिची लाळ रोग पसरवण्याजोगी झाल्यापासून थोड्याच दिवसांत ती आजारी पडते आणि मरते. कुत्रा आणि मांजर यांना दहा दिवस नजरेखाली ठेवतात ते याचसाठी. दहा दिवसांनी ती धडधाकट असेल तर झटापटीच्या वेळी तिच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. लस मात्र लगेच सुरू करायची, त्यासाठी दहा दिवस थांबायचं नाही. आता तिला उचलून उरणच्या रस्त्याला सोडलंत तर ती जगली की मेली हे कुणाला कळणार? बाबांचे डॉक्टर विचारतील 'मांजर कशी आहे?', त्याचं उत्तर कायमचं हरवेल. त्यामुळे ती आहे तिथेच हवी, रोज दिसायला हवी, तिला खायला मिळायला हवं.

दुसरं, एरवी शांत असणारी मांजर एकाच जागी एकदम अंगावर येते तेव्हा आसपास पिल्लं असण्याची शक्यता फार मोठी. पावसाळ्यात मांजरी मीटर रूम, जिन्याखालची जागा, बंद पडलेल्या गाड्या अशा कोरड्या कोपऱ्यांत वितात. ताई, उद्या उजेडात लांबूनच बघा. हात घालू नका.

आणि लांब सोडणं कायद्यातही अडचणीचं ठरू शकतं. जनावराला मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याहून वेगळा. पण मला कायद्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की पिल्लांपासून आई तोडली तर पिल्लं दोन दिवसांत मरतात, तीही तुमच्याच मीटर रूममध्ये, आणि रिकाम्या जागेत दुसरी मांजर येतेच.

वाटाणा

दहा दिवसांचा मुद्दा मला माहीत नव्हता. ठीक, तोवर तिला कुणी हलवू नये हे मान्य. त्यानंतर सोसायटीने काहीतरी करायला हवं हे माझं मत मात्र कायम आहे.

पावसाळी_नेरुळ

बोका नि मनी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मीटर रूमच्या मागे जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळीत तीन पिल्लं आहेत, डोळे नुकते उघडलेली. आई तिथेच होती. मागचा उजवा पाय टेकत नाही आणि मांडीवर केस गेलेत. मला बघून फिसकारली. वॉचमन म्हणतात सकाळी ठेवलेलं दूध प्यायली नाही.

बाबांचा पहिला डोस झाला, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. हात सुजलेला नाही.

मला तिचा राग येत नाहीये, पण तिला हात कसा लावू? आणि लावावा का?

सोनचाफा

खाणं सोडलंय, पाय टेकत नाही, म्हणजे तिला उपचार लागणार. कुत्र्याचा चावा मांजरीपेक्षा वेगळा. तो धरून झटका देतो, त्यामुळे वर दोन भोकं आणि आत स्नायू फाटलेले, कधी बरगडी मोडलेली, कधी छातीचा पडदा फाटलेला. मांजर दुखणं लपवते, निपचित बसून राहते, आणि लोकांना वाटतं विश्रांती घेतेय. ती तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा मागचा भाग ओढत चालत असेल तर आजच्या आज.

तुम्ही स्वतः पकडू नका. घरात एक लसीचा कोर्स चालू आहे, दुसरा नको. भटक्या मांजरींचं काम करणाऱ्यांकडे सापळ्याचा पिंजरा असतो, दार आपोआप पडतं. दुधाऐवजी उकडलेली मासळी किंवा कोंबडी ठेवा, वासाला येते. दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरींना जुलाब होतात. पिंजऱ्यात आली की वरून चादर टाका, अंधार झाला की शांत होते. पिल्लं हातमोज्यांनी खोक्यात, तिच्याबरोबरच न्यायची.

हे दिवस जुलैचे आहेत. उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. त्यामुळे आठवडाभर बघू म्हणू नका.

बोका_नि_मनी

मी सानपाड्यात राहते, पिंजरा आहे माझ्याकडे. तुम्हाला खासगी निरोप टाकलाय, संध्याकाळी येते.

पावसाळी_नेरुळ

बोका नि मनी ताई आल्या, तासाभरात आई पिंजऱ्यात आली. हाड मोडलेलं नाही. मांडीत दोन खोल चावे आहेत, धुऊन औषध सुरू झालंय. एका कार्यकर्तीने आपल्या बाथरूममध्ये चौघांना ठेवून घेतलंय, रोज फोटो पाठवते, त्यामुळे दहा दिवसांची नजरही राहील. डॉक्टर म्हणाले पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलं की नसबंदी करून घ्या. दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते म्हणे.

आता कोकोचं. डोळा उघडतोय, पण तो लिफ्टमधून बाहेर यायला तयार नाही. पार्किंग दिसलं की थरथरतो, बसकण मारतो. बाबा म्हणतात उचलून त्याच जागी नेऊन दाखवावं, मांजर नाही म्हटल्यावर भीती जाईल.

घोडबंदरचा_मित्र

बाबांना सांगा, नको. भीती वाटतेय तिथे जबरदस्तीने नेलं की ती जागा अजूनच घाबरवणारी होते, आणि पुढच्या वेळी तो आधीच दात दाखवेल. ओरडूही नका. थरथरणारा कुत्रा हट्ट करत नसतो.

डोळा भरेपर्यंत दुसऱ्या गेटने न्या, छोटीच फेरी. मग लिफ्टच्या दारात उभं राहून त्याचा सगळ्यात आवडता खाऊ द्या आणि परत वर. अंगावरचा ताण गेला, खाऊ मागायला लागला, की चार पावलं पुढे. त्याचा वेग त्याला ठरवू द्या. माझी लॅब्राडोर कुत्री एका बोक्याने बोचकारल्यानंतर कित्येक आठवडे गाडीखाली बघून बघून चालायची. हळूहळू सोडलं तिने.

गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला, गळपट्टा ओढला की डोळ्यावर दाब येतो. पट्टा आखूड, आणि पार्किंगमध्ये हुंगू द्यायचं नाही. पुन्हा कधी भिडलेच तर मध्ये हात घालायचा नाही. पाण्याची बाटली ओतायची, छत्री मध्ये उघडायची किंवा लोखंडी दारावर जोरात आपटायचं. पावसाळ्यात छत्री हातात असतेच.

पावसाळी_नेरुळ

पुन्हा प्रश्न घेऊन आले. कोकोच्या कानामागे लिंबाएवढी गाठ आली आहे, गरम आहे. औषध चालू असून असं का? आज जेवला नाही.

सोनचाफा

पू साठलाय बहुतेक. औषध चालू असतानाही होतं. साठलेल्या पुवापर्यंत औषध नीट पोचत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. दाबू नका, फोडू नका, शेक देऊ नका. आजच न्या. डॉक्टर छोटा छेद देऊन धुतील, कधी एखादी नळी ठेवतात आणि काही दिवस ती जागा गळत राहते. ते चांगलंच, घाबरू नका. आणि अँटिबायोटिकचा कोर्स, गाठ बसली म्हणून मध्येच थांबवू नका.

पावसाळी_नेरुळ

झालं. छेद दिला, बराच पू निघाला, संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवला. स्टेन परत केली, आज कुठेही हिरवं दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले कॉलर अजून काढू नका.

मांजर खातेय, पाय टेकतेय. बाबांचे डोस ठरल्याप्रमाणे चालू आहेत.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि मांजरीचा विषय अजेंड्यावर आलाय. ती परत इथेच सोडायची असेल तर मी नक्की काय मागू?

बोका_नि_मनी

खाणं देण्याची एक जागा आणि एक वेळ मागा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीनेच अशी जागा ठरवून द्यायची तरतूद आहे. मुलांची खेळायची जागा, जिना आणि ये-जा करायची दारं यांपासून लांब. तुमच्या मागच्या कंपाउंडला, पंप रूमच्या पलीकडे जागा आहे, मी बघितली. कोकोच्या फेरीची वाट तिथून जात नाही. मीटर रूमची फट जाळी लावून बंद करायला सांगा, म्हणजे पुढची मांजर तिथे विणार नाही. वायरिंगच्या दृष्टीनेही ते बरं.

आणि नसबंदी झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक किंचित कापलेलं असतं, ते सगळ्यांना सांगून ठेवा. तसा कान दिसला की तिला पिल्लं होणार नाहीत हे लांबूनच कळतं.

वाटाणा

जाळीचा आणि जागेचा मुद्दा मला पटला. आमच्या सोसायटीतही मांडतो. ताई, मीटिंगमध्ये नसबंदीच्या खर्चाचा विषय निघाला आणि वर्गणी काढायची ठरली तर मला निरोप टाका, माझा वाटा आहे.

तलावपाळी

बाबांचा २८ व्या दिवसाचा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवा. हात बरा झाला की तोच राहून जातो.